प्रकाशाचे नाणे आणि माणसाचा हट्ट

स्मरणिकेत इतिहासावरचा लेख म्हटला की तो होळकरांवर असावा, माळव्यातल्या मराठ्यांच्या स्वाऱ्यांवर असावा, नाहीतर आपल्या एखाद्या जुन्या वाड्यावर असावा, असा आपल्या इंदूरच्या मंडळाचा परिपाठ आहे. त्या विषयांवर आमच्यापेक्षा अधिकाराने लिहिणारी ज्येष्ठ मंडळी आपल्यात आहेत. आम्ही पडलो डिप्लोमावाले. राज्य शासनाच्या नोकरीत विजेची कामे पाहण्यात वीस वर्षे गेली. म्हणून यंदा संपादकांच्या परवानगीने वेगळा इतिहास सांगण्याचे धाडस करीत आहोत. धातूच्या पत्र्यावर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, या एका गोष्टीचा हा इतिहास आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. पण मान-अपमान, हट्ट आणि प्रामाणिकपणा मात्र पुरेपूर आहे.

आधी आमची स्वतःची एक फजिती सांगतो, म्हणजे या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते कळेल. काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता तक्रार आली की एका वसाहतीत रस्त्यावरचे दिवे भर दुपारी जळत आहेत. हे दिवे संध्याकाळी आपोआप लागावेत आणि सकाळी विझावेत म्हणून खांबावर एक लहानशी डबी बसवलेली असते. तिच्यावर उजेड पडतो आहे की नाही, यावर सारे चालते. आम्ही खाली उभे राहूनच निदान केले, ‘डबी गेली, नवी मागवा.’ मागणीपत्रही लिहून टाकले. आमच्याबरोबर एक वयस्क हेल्पर काका होते. ते म्हणाले, “साहेब, आधी पुसून तर पाहू.” आम्ही जरा चिडूनच म्हटले, “काका, वीस वर्षे हेच करतोय आम्ही.” काका काही न बोलता शिडीवर चढले, गमछ्याने डबीची काच पुसली आणि दिवे विझले. काचेवर धुळीचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा थर बसला होता. मागणीपत्र आम्ही मुकाट्याने फाडून टाकले.

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा मुलगी खूप हसली. ती तेव्हा बारावीत होती. ‘डबीला उजेड कळतो कसा?’ हा धडा तिच्याच पुस्तकात होता. तीन-चार नावे, दोन आकृत्या, एक समीकरण. त्या नावांमागची माणसे कोण होती, हे वाचायला आम्ही त्या रात्री बसलो आणि मग बरेच महिने वाचत राहिलो. त्या वाचनातून हा लेख झाला.

अंधाऱ्या पेटीतली ठिणगी

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावी, १८८७ मध्ये. हाइनरिख हर्ट्झ नावाचे तिशीतले प्राध्यापक तेथे प्रयोग करीत होते. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लाट आहे, असे मॅक्सवेल यांनी गणिताने सांगून ठेवले होते. तशी लाट प्रत्यक्ष निर्माण करून ती दूर पकडायची, हा हर्ट्झ यांचा उद्देश. एका बाजूला मोठी ठिणगी पाडायची. तिच्यातून लाटा निघतात. समोर तारेचे एक वेटोळे ठेवायचे, त्यात बारीक फट. लाट पोहोचली की त्या फटीत बारीकशी ठिणगी उडते. आज रेडिओपासून मोबाइलपर्यंत जे जे चालते त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

ती बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झ यांनी वेटोळ्याची फट एका अंधाऱ्या पेटीत ठेवली. झाले उलटेच, ठिणगी आखूड झाली. दुसरा कोणी असता तर त्याने पेटी बाजूला ठेवून आपले काम पुढे चालवले असते. हर्ट्झ यांनी मुख्य काम बाजूला ठेवले आणि काही महिने याच एका गोष्टीच्या मागे लागले. दोन ठिणग्यांच्या मध्ये काच ठेवली, तरी ठिणगी आखूड. काचेऐवजी क्वार्ट्झचा स्फटिक ठेवला, तर ठिणगी पुन्हा लांब. साध्या काचेतून अतिनील किरण जवळजवळ जात नाहीत, क्वार्ट्झमधून जातात. म्हणजे मोठ्या ठिणगीचा अतिनील प्रकाश धाकट्या ठिणगीला मदत करीत होता. असे का व्हावे, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी जे दिसले ते जसेच्या तसे छापले, त्यावर कोणताही सिद्धांत रचला नाही आणि आपल्या मूळ कामाकडे परतले.

यातला योगायोग पाहण्यासारखा आहे. प्रकाश ही लाट आहे, हे ज्या उपकरणाने पक्के झाले, त्याच उपकरणात ‘प्रकाश नुसती लाट नाही’ याचा पहिला पुरावा चमकून गेला होता. तो पुरावा होता हे कळायला मात्र पुढची अठरा वर्षे लागली आणि तोपर्यंत हर्ट्झ हयात नव्हते. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, विल्हेल्म हालवाक्स यांनी प्रयोग सोपा करून टाकला. ठिणग्या नकोत, वेटोळी नकोत. घासून लखलखीत केलेला जस्ताचा पत्रा घ्यायचा, तो विद्युतदर्शीला जोडायचा आणि पत्र्याला ऋण विद्युतभार द्यायचा. विद्युतदर्शीची सोन्याची पाने एकमेकांपासून दूर उभी राहतात. आता पत्र्यावर विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश सोडायचा. पाने खाली पडतात, म्हणजे भार निघून गेला. तोच भार धन असेल तर प्रकाश पडूनही पाने हलत नाहीत. यावरून, पत्र्यातून जे काही निघते आहे ते ऋण आहे, एवढे नक्की झाले. मॉस्कोत स्तोलेतोव यांनी यावरून सतत वाहणारा प्रवाह मिळवला आणि प्रकाश जितका जास्त तितका प्रवाह जास्त, हे मोजून दाखवले.

या मालिकेतली आमची आवडती जोडी म्हणजे एल्स्टर आणि गाइटेल. दोघे शाळेपासूनचे मित्र आणि दोघेही वोल्फेनब्युटेल गावातल्या एका शाळेत मास्तर. जस्ताला अतिनील किरण लागतात, पण सोडियम आणि पोटॅशियम यांना साधा दिसणारा प्रकाशही पुरतो, हे या दोन मास्तरांनी शोधले. हे धातू हवेत लगेच गंजतात, म्हणून त्यांनी ते काचेच्या निर्वात फुग्यात बंद केले. प्रकाश ओळखणारा पहिला उपयुक्त ‘डोळा’ अशा रीतीने तयार झाला. पुढे असे डोळे गावोगावच्या चित्रपटगृहांत गेले, ते शेवटी सांगू.

१८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला आणि १८९९ मध्ये त्यांनीच दाखवले की प्रकाशामुळे जस्तातून निघणारे कण म्हणजे हेच इलेक्ट्रॉन. ‘काय निघते?’ याचे उत्तर मिळाले. ‘कसे निघते?’ हे अजून बाकी होते.

लेनार्ड यांचा काटेकोरपणा

येथे फिलिप लेनार्ड यांचा प्रवेश होतो. हर्ट्झ यांच्या अखेरच्या वर्षांत बॉन येथे ते त्यांचे सहायक होते. गुरूच्या मृत्यूनंतर त्यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ लेनार्ड यांनीच प्रकाशनासाठी सिद्ध केला. प्रयोगात त्यांच्याइतका काटेकोर माणूस त्या काळी विरळा.

१९०२ मध्ये लेनार्ड यांनी एक साधा पण कळीचा प्रश्न विचारला. प्रकाशाचा जोर वाढवला तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा वेग वाढतो का? प्रकाश ही लाट असेल तर उत्तर ‘हो’ असायला हवे. नदीला पूर जितका मोठा, तितक्या जोराने काठावरचे ओंडके फेकले जाणार. लेनार्ड यांनी निर्वात नळीत धातूच्या पट्टीसमोर दुसरी पट्टी ठेवली आणि तिला असा दाब दिला की इलेक्ट्रॉनना उलटे ढकलले जावे. हा उलटा दाब वाढवत नेला की एका ठिकाणी प्रवाह पूर्ण थांबतो. ज्या दाबाला तो थांबला त्यावरून सर्वांत चपळ इलेक्ट्रॉनची ऊर्जा कळते.

मग त्यांनी प्रकाशाची तीव्रता बदलली. थोडी नव्हे, हजार पटींनी. इलेक्ट्रॉनची संख्या बदलली, वेग मात्र तसूभरही बदलला नाही. मंद प्रकाशात थोडे इलेक्ट्रॉन निघत, प्रखर प्रकाशात खूप निघत, पण जे निघत त्यांचा कमाल वेग तोच. प्रकाशाचा प्रकार बदलला तरच तो वेग बदलत होता.

लाटेच्या हिशोबात हे बसत नव्हते. लेनार्ड यांनी स्वतःचे स्पष्टीकरण दिले. इलेक्ट्रॉनजवळ ऊर्जा आधीपासूनच अणूच्या आत असते. प्रकाश ती देत नाही, फक्त दार उघडतो. हे स्पष्टीकरण अगदीच टाकाऊ नव्हते. तेव्हाच्या माहितीला ते धरून होते आणि पुढे काही वर्षे अनेकांनी ते मानलेही. १९०५ चे नोबेल पारितोषिक लेनार्ड यांना मिळाले, ते कॅथोड किरणांवरील कामाबद्दल. येथवर त्यांची कथा मानाचीच आहे.

तिसऱ्या वर्गाचा कर्मचारी

त्याच १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी, पेटंट कार्यालयात, अल्बर्ट आइन्स्टाइन नावाचा २६ वर्षांचा कर्मचारी काम करीत होता. पद ‘तांत्रिक तज्ज्ञ, वर्ग तिसरा’. १९०२ मध्ये नोकरीत लागला, १९०४ मध्ये कायम झाला, दुसऱ्या वर्गात बढती मिळाली ती १९०६ मध्ये. आमच्यासारख्या सरकारी नोकरांना या तारखा वाचताना आपल्याच सेवापुस्तिकेची आठवण होते. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती आणि विद्यापीठात जागाही नव्हती. मार्च महिन्यात त्याने एक लेख पूर्ण करून पाठवला. त्यात लेनार्ड यांच्या मोजमापांचा आदराने उल्लेख होता.

लेखातली कल्पना अशी. पाच वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशाचे कोडे सोडवताना ऊर्जा ठरावीक वाट्यांत देवघेव होते असे मानले होते. प्लांक यांच्या मते ही हिशोबाची सोय होती. आइन्स्टाइन म्हणाले की प्रकाश स्वतःच अशा वाट्यांनी बनला आहे असे धरून पाहू. एका वाट्यातली ऊर्जा प्रकाशाच्या रंगावर, म्हणजे वारंवारतेवर, ठरते. तांबड्याचा वाटा लहान, जांभळ्याचा मोठा, अतिनीलचा त्याहून मोठा. प्रकाश प्रखर करणे म्हणजे वाट्यांची संख्या वाढवणे. त्याने एकेक वाटा मोठा होत नाही.

रेल्वे फलाटावरचा जुना वजनकाटा आठवा. लाल-निळे दिवे लुकलुकणारा, रुपयाचे नाणे टाकले की खटकन तिकीट देणारा. त्यात चार चवल्या काय नि चाळीस चवल्या काय, तिकीट येत नाही. यंत्र एका वेळी एकच नाणे पाहते आणि ते रुपयाचे आहे की नाही एवढेच तपासते. इलेक्ट्रॉनचेही तसेच. त्याला एका वेळी प्रकाशाचे एकच नाणे मिळते. ते पुरेसे मोठे असेल तर तो सुटतो. नसेल तर कितीही लहान नाण्यांचा पाऊस पाडा, तो जागचा हलत नाही.

आता आकडे पाहू. ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापात मोजतात. जस्तातून सुटण्याची किंमत साधारण ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तांबड्या प्रकाशाचे नाणे सुमारे १.८ चे, जांभळ्याचे सुमारे ३.१ चे. दोन्ही अपुरी. २५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे नाणे जवळजवळ ५ चे, ते चालते. सोडियमची किंमत २.३ च्या आसपास, म्हणून त्याला निळा प्रकाशही पुरतो. हर्ट्झ यांची काच, हालवाक्स यांचे जस्त, दोघा मास्तरांचे सोडियम आणि लेनार्ड यांचे न बदलणारे वेग, सगळ्यांचा हिशोब एका दमात जुळला.

उरलेला भाग पगारपत्रकासारखा आहे. एकूण पगारातून कपात गेली की हातात पडणारी रक्कम उरते. प्रकाशाच्या नाण्यातून सुटकेची किंमत वजा केली की इलेक्ट्रॉनच्या हाती उरते ती त्याची वेगाची ऊर्जा. पुस्तकात जे समीकरण येते ते एवढेच. त्यातून एक भाकीत निघते. प्रकाशाची वारंवारता आणि इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा यांचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत आला पाहिजे. धातू कोणताही असो, रेषेचा चढ तोच आणि तो चढ म्हणजे प्लांक यांचा स्थिरांक. हे खरे की खोटे, ते १९०५ मध्ये कोणालाच सांगता येत नव्हते, कारण तितकी अचूक मोजणी अजून झाली नव्हती.

आणि कोणी मानलेही नाही. ज्यांच्या कल्पनेवर हे उभे होते त्या प्लांक यांनाही ते पटले नाही. १९१३ मध्ये प्लांक आणि इतर ज्येष्ठांनी प्रशियाच्या विज्ञान अकादमीत आइन्स्टाइन यांना घ्यावे अशी शिफारस केली. तिच्यात त्यांच्या इतर कामाची स्तुती करून शेवटी जवळजवळ माफीच मागितली होती, की प्रकाशाच्या वाट्यांच्या कल्पनेत त्यांचा नेम चुकला असेल, पण ते त्यांच्याविरुद्ध फारसे धरू नये.

खोटे पाडायला गेले आणि खरे ठरवून आले

ज्या माणसाने हे प्रकरण धसास लावले ते अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट मिलिकन. आइन्स्टाइन यांची कल्पना त्यांना मुळीच मान्य नव्हती. प्रकाश ही लाट आहे याचे शंभर वर्षांचे पुरावे असताना असे बोलणे त्यांना बेजबाबदारपणाचे वाटे. समीकरण तपासण्यात त्यांनी जवळजवळ दहा वर्षे घातली.

अडचण होती धातूच्या पृष्ठभागाची. सोडियमवर क्षणात गंज चढतो आणि गंजलेल्या पत्र्यावर घेतलेले माप म्हणजे गंजाचे माप, धातूचे नव्हे. आमच्या डबीवरच्या धुळीसारखेच. मिलिकन यांनी काचेच्या निर्वात भांड्यातच जणू एक लहानसा कारखाना उभारला. आत सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमचे तुकडे एका चाकावर बसवलेले. आतच फिरणारी सुरी. ती बाहेरून विद्युतचुंबकाने चालवायची. सुरीने धातूचा ताजा थर तासायचा आणि लगेच, निर्वातातच, त्यावर प्रकाश टाकून माप घ्यायचे. हातांनी काम करणाऱ्या माणसाला या उपकरणाचे वर्णन वाचताना भरून येते.

१९१६ मध्ये निकाल छापला गेला. आलेख सरळ रेषेत आला होता. चढावरून प्लांक यांचा स्थिरांक निघाला ६.५७ × १०⁻²⁷ अर्ग-सेकंद; आजच्या ६.६२६ या आकड्याच्या अगदी जवळ. आइन्स्टाइन यांचे समीकरण तंतोतंत बरोबर होते. मिलिकन यांनी ते लपवले नाही आणि आकडेही वाकवले नाहीत. समीकरण खरे आहे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. त्याच लेखात, ज्या कल्पनेतून हे समीकरण निघाले ती कल्पना मात्र आपल्याला पटत नाही, असेही तितक्याच स्वच्छपणे लिहिले. आपल्या मताविरुद्ध गेलेले दहा वर्षांचे श्रम स्वतःच्या सहीने जगापुढे ठेवणे सोपे नसते. १९२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, त्यात या कामाचा उल्लेख आहे.

या गोष्टीला एक शेपूटही आहे. १९५० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात मिलिकन यांनी असे लिहिले की त्या प्रयोगांनी प्रकाशाचे वाटे खरे असल्याचे निःसंशय सिद्ध झाले, जणू त्या वेळीही त्यांचे मत तेच होते. १९१६ चा लेख वेगळे सांगतो. म्हातारपणी आपण नेहमी बरोबरच होतो असे वाटू लागते, हे आपल्यालाही घरोघरी ठाऊक आहे. कागदावर लिहून ठेवलेला पुरावा म्हणूनच मोलाचा.

१९२२ च्या नोव्हेंबरमध्ये नोबेल समितीने आदल्या वर्षीचे, म्हणजे १९२१ चे, राखून ठेवलेले पारितोषिक आइन्स्टाइन यांना जाहीर केले. मानपत्रात नाव होते प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचे. सापेक्षतेवर समितीचे एकमत होत नव्हते. आइन्स्टाइन तेव्हा जपानच्या प्रवासात होते. गंमत अशी की तेव्हाही बहुतेकांना नियम मान्य होता, प्रकाशाचे वाटे नव्हते. ते मान्य झाले १९२३ मध्ये आर्थर कॉम्प्टन यांनी क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळवून दाखवल्यानंतर. १९२४ मध्ये आपल्याकडचे सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून पाठवलेल्या निबंधात प्लांक यांचा नियम प्रकाशाच्या वाट्यांवरूनच सिद्ध केला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापवला. या वाट्यांना ‘फोटॉन’ हे नाव रूढ झाले ते १९२६ नंतर.

दुसरा शेवट

लेनार्ड यांचे पुढे काय झाले, हे पाठ्यपुस्तकात नसते. ते सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

ज्या नियमासाठी आइन्स्टाइन यांना पारितोषिक मिळाले त्याचा पाया लेनार्ड यांच्या मोजमापांचा होता. दोघांच्या नावाचा एकत्र गौरव व्हावा अशीच ही गोष्ट. पण लेनार्ड यांच्या मनात कडवटपणा साठत गेला. आपले श्रेय इतरांनी घेतले असे त्यांना पूर्वीपासून वाटे. पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर त्यात ज्यूद्वेषाची भर पडली. १९२० मध्ये बाड नाउहाइम येथील सभेत त्यांनी आइन्स्टाइन यांच्याशी सापेक्षतेवर जाहीर वाद घातला. नोबेल जाहीर झाल्यावर समितीकडे निषेध नोंदवला. १९२४ मध्ये, म्हणजे सत्ता येण्याच्या नऊ वर्षे आधी, त्यांनी हिटलरला जाहीर पाठिंबा दिला. नंतर ‘जर्मन भौतिकशास्त्र’ या नावाचा चार खंडांचा ग्रंथ लिहिला. विज्ञानही वंशावर ठरते, असा त्यांचा दावा होता.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने सरकारी नोकरांसाठी एक कायदा केला. तेथे विद्यापीठातले प्राध्यापक सरकारी नोकर गणले जात. त्या एका कायद्याने ज्यू वंशाचे प्राध्यापक आणि संशोधक नोकरीतून काढले गेले. आम्ही स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे हे वाचताना थबकलो. वर्षानुवर्षे नेमाने काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर एक दिवस कागद येतो आणि त्यात त्याच्या कामाबद्दल अवाक्षर नसते, फक्त आजोबा-आजी कोण होते ते विचारलेले असते. आइन्स्टाइन त्या वेळी बेल्जियममध्ये होते. ते पुन्हा जर्मनीत पाऊल ठेवायला गेले नाहीत.

सर्वांत मोठी शोकांतिका पुढेच आहे. हर्ट्झ यांच्या वडिलांचे घराणे मूळचे ज्यू होते. ज्या गुरूच्या हाताखाली लेनार्ड घडले, त्यांच्याच विधवा पत्नीला आणि दोन्ही मुलींना त्या दशकात जर्मनी सोडून इंग्लंडमध्ये आसरा घ्यावा लागला.

हजार पटींनी प्रकाश कमी-जास्त करून एक आकडा बदलत नाही, हे ज्याने कोणाचीही भीड न ठेवता मोजले, त्याच माणसाने पुढे माणसे मोजताना सगळी मापे टाकून दिली. बुद्धी कमी होती असे कोण म्हणेल? मिलिकन आणि लेनार्ड, दोघांनाही आइन्स्टाइन यांचे म्हणणे पटले नव्हते. एकाने आपले न पटणे प्रयोगापुढे ठेवले आणि प्रयोगाचा निकाल मानला. दुसऱ्याने आपल्या न पटण्यालाच निकाल मानले.

पडद्यावरचा आवाज

दोघा मास्तरांनी बनवलेल्या ‘डोळ्या’चे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला तेव्हा मराठी माणसाने पडद्यावर गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांना मराठीत बोलताना ऐकले. बोलपटाच्या फिल्मच्या कडेला ध्वनीची एक अरुंद पट्टी असते. प्रक्षेपकातला लहान दिवा त्या पट्टीतून प्रकाश सोडतो. तो कमी-जास्त होत पलीकडच्या प्रकाशविद्युत नळीवर पडतो. नळीतल्या धातूच्या थरातून त्या प्रमाणात इलेक्ट्रॉन सुटतात. त्या प्रवाहाचा पुढे कर्ण्यातून आवाज होतो. आपल्या आजी-आजोबांनी अंधारात बसून जे संवाद ऐकले, ते असे धातूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनच्या पाठीवर बसून आले होते.

आमच्या खांबावरच्या डबीबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तिच्यात बहुधा कॅडमियम सल्फाइडची वडी असते. तेथे इलेक्ट्रॉन वडीबाहेर उडत नाहीत. प्रकाशाने आतल्या आत मोकळे होतात आणि वडीतून वीज सहज वाहू लागते. छपरावरच्या सौर पट्ट्यांचे कामही आतल्या आत चालते. हर्ट्झ-लेनार्ड यांच्या गोष्टीची ही भावंडे, ती नव्हे. पण ‘एका वेळी एक नाणे’ हा नियम तिन्हीकडे तोच.

येत्या अनंत चतुर्दशीला आपण सारे रात्रभर जागून झांक्या पाहू. हजारो रंगीत दिवे असतील. त्यातला तांबडा दिवा कितीही झगझगीत असला तरी जस्ताच्या पत्र्यातून एकही इलेक्ट्रॉन काढू शकणार नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या मुलांना जरूर सांगा. आणि जमले तर मिलिकन यांची सुरीही सांगा.

आमच्यापुरते म्हणाल तर त्या दिवसापासून मागणीपत्र लिहिण्याआधी आम्ही शिडी मागवतो. काका आता निवृत्त झाले. बुद्धीच्या देवतेपुढे हात जोडताना आम्ही दरवर्षी एवढेच मागतो की आपले म्हणणे चुकले असेल तर ते वेळेवर कळू दे, आणि कळल्यावर कबूल करण्याची हिंमत दे.

गणपती बाप्पा मोरया!